गोंडवे यांच्या बायका

वेझीच्या कप्प्यात पॅनाडॉलची अकरा पाकिटं,
खोकल्याच्या दोन बाटल्या,
एक टूथब्रश, अजून वेष्टनातला.
मी म्हटलं, अगं, तुला झालंय तरी काय?
ती म्हणाली, काहीच नाही.
तेच टिकवायला जाते
झोंब्याच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानात,
तर रांगेत माझ्या मागे नेमकं कुणीतरी उभं असतं
चर्चमधलं.

आणि ही वेझी कोण?
सार्वजनिक आरोग्य, तिसरं वर्ष.
प्रबंधासाठी वसतिगृहात दारोदार हिंडून
एकशे चाळीस जणींना विचारलेलं तिनं:
गर्भनिरोधनाची कोणती साधनं ठाऊक आहेत?
पाढे म्हणावेत तशा मुली सांगायच्या,
गोळ्या, सुई, दंडात बसवायची काडी, तांबी, कंडोम.
पुढचा प्रश्न: वापरता का?
इथं पेनं थबकायची.
एकीनं लिहिलं, ‘तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का.’
एकीनं, ‘तारखा मोजते. गणितात कच्ची आहे.’
एकीचा कागद परत आलाच नाही,
आणि पुढच्या सत्रात तीही नाही.
एकशे एक्केचाळिसावा अर्ज वेझीचा स्वतःचा.
कोरा.

दवाखाना डोंगराच्या वाटेवर, जकरांडाखाली.
बाकावर आम्ही दोघी,
चितेंजे डोक्यावरून ओढून,
जणू कुणाच्या मयतीला आलोय.
कार्डावर रकाना: पतीचे नाव.
वेझी माझ्याकडे बघायला लागली.
लिही ‘गोंडवे’, मी म्हटलं.
आमच्या मजल्यावर सगळ्या तेच लिहितात.
पहिल्यांदा कुणी लिहिलं, देव जाणे.
लिलोंग्वेला असतात म्हणे, फिरतीची नोकरी,
घरी येणं कमीच.
मागच्या परीक्षेपासून मीही त्यांचीच.

नर्स लिकोस्वेबाईंनी कार्ड वाचलं,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला,
मग जाडजूड वही उघडून
एकेक नावावरून बोट खाली नेत राहिल्या.
पान उलटलं. आणखी एक उलटलं.
‘मोठा प्रपंच आहे या माणसाचा.’

आम्ही फरशी बघत होतो.
एक मुंगी साखरेचा कण ओढत होती,
तिचं तरी बरं चाललेलं.

‘शहाणा मात्र दिसतो,’ बाई म्हणाल्या,
‘एवढ्या बायका, पण पाळणा एकीचाही हलला नाही.
बाही वर कर.’
आणि सुई टोचून कापूस दाबता दाबता,
‘तीन महिन्यांनी ये. तारीख चुकवू नकोस.
ही पिशवी त्याला दे.’
कुणाला, गोंडव्यांना?
‘खिडकीबाहेर सायकल घेऊन उभा आहे, त्याला.
सुई पोर अडवते, रोग नाही अडवत.
ते काम त्याचंही आहे म्हणावं.’

उतारावर वेझी गप्प होती.
लिंबानी मागून सायकल हातात धरून येत होता,
पिशवी हँडलला लटकवलेली,
सगळ्या गावाला दिसेल अशी.
फाटकाशी आल्यावर ती म्हणाली,
दंड ठणकतोय गं, एखादी गोळी आहे का?

मी रस्त्यातच खाली बसले
आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.