पंधरा सेकंद गुणिले चार

मानसशास्त्राची इमारत टेकडीच्या अंगाला,
मैदान खाली, गिरणेच्या बाजूला.
मधे सातशे चाळीस पावलं.
मी मोजलीत. दोन्ही विभागांनी मला
मोजायलाच तर शिकवलंय.

वरच्या वर्गात शरीर येतं कंसात,
लक्षण म्हणून: तळहाताला घाम, कोरडं तोंड.
खालच्या वर्गात मन येतं शेवटच्या प्रकरणात,
जे परीक्षेला सहसा विचारत नाहीत.
केळं खाली पोटॅशियम असतं,
वर बालपणीची आठवण.
मी ते वाटेत सोलून खाते,
साल बॅगेत कोंबते
आणि दोन्हीकडे उशिरा पोचते.

"दोन दगडांवर पाय नको," सर म्हणाले,
"एक काहीतरी धर."
सर पुण्याचे. त्यांना काय सांगू,
मार्गशीर्षात आमच्या गावाहून गिरणा ओलांडायची
तर दोन दगडांवरच पाय लागतो,
एक मागचा, एक पुढचा.
एकाच दगडावर जो उभा राहिला
तो अजून अलीकडेच आहे.

वैशाखात चाचण्या पहाटे पाचला.
नऊनंतर मैदानाचा तवा होतो.
पोलीस भरतीची पोरं येतात, फुकटात नाडी बघून मिळते म्हणून.
आज भटू कोळी, कासोद्याचा, वय एकवीस.
दोनदा भरतीला गेला, दोनदा परतला,
दुसऱ्यांदा अर्ध्या गुणाने.
बूट चुलतभावाचे, पुढे कागद कोंबलेला.
सोळाशे मीटर, पाच मिनिटं चौदा सेकंद.
नाडी एकशे शहाऐंशी,
तीन मिनिटांत एकशे सहा.
उत्तम, असं लिहिलं मी
खालच्या विभागाच्या रकान्यात.

मग निंबाखाली बसवून वरच्या विभागाची प्रश्नावली.
झोप लागायला त्रास होतो?
कधीच नाही.
आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं?
कधीच नाही.
चिंता वाटते?
"चिंता म्हणजे कशी?" त्याने विचारलं.
म्हटलं, "तुना जीव खालेवर व्हस का?"
माझी अहिराणी आजोळची, गंजलेली.
तो हसला. पेन जरा थांबलं.
मग खूण त्याच चौकोनात.

छातीवरचा पट्टा तसाच राहिला होता.
काढायला विसरले, हे प्रबंधात लिहिता येणार नाही.
माझ्या हातातल्या घड्याळावर आकडा:
चौऱ्याऐंशी. शहाण्णव.
प्रश्न अकरावा, घरचे तुमच्याबद्दल काय बोलतात?
एकशे एकतीस.
बसलेला माणूस. निंबाची सावली.
बूटसुद्धा काढून बाजूला ठेवलेले.

कुठे लिहू हा आकडा?
खालच्या तक्त्यात विश्रांती आहे, श्रम आहे.
वरच्या तक्त्यात चार चौकोन.
समासात पेन्सिलने लिहिला.
मग आठवलं, हे मोजू का म्हणून
त्याला विचारलंच नव्हतं.
खोडला.
कागदावर वळ राहिला थोडा.

"ताई, पास शे का मी?"
"इथे पास-नापास नसतं रे."
त्याला पटलं नाही.
मलाही पहिल्या वर्षी कुठे पटलं होतं.
बूट त्याने पुढच्या पोराला दिले, तोच चुलतभाऊ.
त्याने आतला कागद काढून फेकला.
भटू अनवाणी बांभोरीच्या पुलाकडे निघाला,
पळत नाही, चालत,
जसं कुणी मोजत नसताना माणसं चालतात.

पट्ट्याची बॅटरी गेली.
पुढच्याचं मनगट धरलं.
नियम असा की पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा.
मी पूर्ण मिनिट धरून ठेवते.
रांग कुरकुरते, वरून सरांची हाक येते,
ऊन मैदानाच्या कडेपर्यंत आलेलं असतं.
चौथ्या पंधरांत कधी कधी
वेगळंच काही येतं हाताला,
कधीच नाही म्हणणाऱ्यांच्या.