एसी बंद केल्यावर

ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी रात्री
प्रभंजनने सहा महिन्यांनी एसी बंद केला
आणि घर एकदम ऐकू यायला लागलं.
फ्रिजची गुरगुर. मोरीतला नळ, थेंब थेंब, सावकाश.
वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुकरची शिट्टी.
आणि हा झोपेत दात खातो,
हे मी दर उन्हाळ्यात विसरून जाते.

शुक्रवारी खिडकीच्या फटीतली चिकटपट्टी काढली.
बोटभर धूळ निघाली, एक वाळलेली पाल,
आणि समोरच्या मशिदीच्या मागे
डोंगर होता तिथेच होता.

मत्राहला गेलो. सुरमई महाग म्हणून
पेडवे घेतले. सालिम नेहमीसारखा म्हणाला,
बाईंना विचार, तू काय विचारतोस.
हा मोडक्या अरबीत घासाघीस करतो,
तो चोख हिंदीत उत्तरं देतो,
दोघांनाही वाटतं आपण जिंकलो.

मासे बर्फाच्या पेटीत टाकून तसेच पुढे,
फंजाच्या पुलावरून, बिरकत अल मौझला.
वाटेत एक वळण चुकलं. कुणामुळे, ते इथे लिहीत नाही.

तिथे केळीच्या बागेतून फलज वाहतं,
वीतभर रुंद, गार, घाई नसलेलं पाणी.
हा चपला काढून काठावर बसला
आणि गप्प झाला. गुहागरचा माणूस,
पाटाचं पाणी दिसलं की याचा घसा भरतो.
मी सांगोल्याची.
मला पाणी नवं, डोंगर ओळखीचे.
उघडेबोडके, तापलेले, कुणाचंही काही न लागणारे,
माझ्या मामाच्या शिवारावर असेच बसलेले असत.
वीस वर्षं लोक विचारतात, वाळवंटात करमतं का?
काय सांगू? मला इथे
माहेरी आल्यासारखं वाटतं, हे याला अजून पटत नाही.

पाण्यातल्या बारक्या माशांनी त्याची बोटं टोकरली.
हसला. एका म्हाताऱ्याने न विचारता
ओंजळभर खजूर दिले आणि
पुढच्या वाफ्याकडे पाणी वळवायला निघून गेला.

शनिवारी सोहारहून मृणाल आली, माझी नणंद,
नवरा, दोन मुलं, आणि तीन चटया घेऊन.
घाल्याहून माझा मावसभाऊ, त्याची बायको, सोऱ्या.
दिवाळीला दहा दिवस. चकली पहिल्याच घाण्यात हसली.
मोहन कमी, भाजणी जुनी, तेल थंड,
सहा माणसं, सहा निदानं.
पोरं गच्चीवर. पेडव्यांचं तिखलं गॅसवर.

मृणालने सोऱ्या फिरवताना,
हाताकडेच बघत, सांगितलं,
ह्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही.
जानेवारीत निघू. पोरांना अजून सांगितलेलं नाही.

तेल तडतडलं.
तिचा नवरा खिडकीशी गेला, खाली कुणाची तरी
गाडी मागे घ्यायची वाट बघितल्यासारखा.
प्रभंजन म्हणाला, पुढचा घाणा टाक.
मग एवढंच म्हणाला, जाताना फलजावर जाऊन या एकदा,
पोरांना दाखवा.
ती म्हणाली, बघू.

जेवताना सगळे खूप बोलले,
मीठ बरोबर आहे का, याच्यावर अर्धा तास.
धाकट्याने चकलीचे तुकडे जोडून पुन्हा चकली केली,
आणि कुणाला खाऊ दिली नाही.

रात्री साडेनऊला गाडी निघाली.
दोन तासांचा रस्ता, उद्या पुन्हा शाळा, ऑफिस.
आम्ही भांडी लावली. डबा भरला. मोडक्या चकल्या वेगळ्या.
याच्या शर्टाच्या खिशात
खजुराच्या दोन बिया सापडल्या. टाकल्या नाहीत.

मृणाल एक चटई विसरली.
की ठेवून गेली, कळलं नाही.
फोन करून विचारू म्हटलं, तर हा म्हणाला, असू दे,
पुढच्या शनिवारी लागेल.

एसी लावला नाही. खिडकी उघडी ठेवली.
हा झोपला नव्हता. दात वाजत नव्हते.