यंत्राचा हात

त्या हिवाळ्यात कुताईसीत वीज दिवसाला दोन तास यायची,
तीही कधी, हे रिओनी नदीलासुद्धा ठाऊक नसे.
यंत्रासाठी म्हणून ऑपेराच्या मागच्या अंगणात
पावभट्टीवाल्याचा जनरेटर आणून लावला होता.
माणसांसाठी रॉकेलचे दोन स्टोव्ह.

मी पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा.
माझं काम एवढंच:
पडद्यावर उमटेल ती खेळी पटावर करायची,
घड्याळ दाबायचं,
आणि चेहरा भिंतीसारखा ठेवायचा.
भिंतीसारखा, असंच म्हणाले होते पंच. दोनदा.

समोर त्सियाला किपियानी.
बोटं कापलेले हातमोजे, नवऱ्याचा ओव्हरकोट.
मागे खुर्च्यांवर तशाच ओव्हरकोटांतल्या बायका,
लग्नात आंदण म्हणून बुद्धिबळाचा पट मिळालेल्या.
त्या कुजबुजत नव्हत्या.
खेळी चुकली की नुसता नाकातून श्वास सोडत.

चव्वेचाळिसाव्या खेळीला
यंत्राचं प्यादं सातव्या रांगेत पोचलं.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा: दोन पूर्णांक चौदा.
म्हणजे आपण जिंकतोय.
आपण म्हणजे ते. सवय लागते.

ती विचार करत बसली. अठरा मिनिटं.
तिच्या वेळात यंत्रही खणत होतं,
खोल, आणखी खोल,
आणि विहिरीत दोर संपावा तसा
आकडा एकदम खाली आला:
शून्य पूर्णांक शून्य शून्य.

वजीर ई-एक, शह. राजा एच-दोनवर.
वजीर ई-पाच, शह. मध्ये प्यादं घाला, तरी शह.
मागे फिरा, पुन्हा शह.
घाण्याला जुंपल्यासारखा राजा, जन्मभर,
आणि ते प्यादं एका घरावरून
वजीर होण्याची वाट बघत उभं.
बरोबरी. स्वच्छ बरोबरी.

मी पुढे वाकलो असणार.
ते आठवत नाही. खुर्ची करकरली, ते आठवतं.
तिने मान वर केली,
पटाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं,
फार तर दोन सेकंद.
पेनाला टोपण लावलं. घड्याळ थांबवलं.
हात पुढे केला.

यंत्राला हात नव्हता. म्हणून माझा.
लोकर दमट, बोटं गार.
एक शब्द माझ्या दातांशी येऊन उभा राहिला
आणि तिथेच त्याचा वेळ संपला.
डिझेल महाग होतं, कुणीतरी जनरेटर बंद केला.
पडदा काळा झाला, शून्यासकट.

रात्री पावाच्या रांगेतच सगळ्यांना कळलं.
भट्टीवाल्याने पिठाच्या फळीवर बटणं मांडून दाखवलं:
हा शह, हा शह, हा शह.
काय करून बसली बाई.
मी गरम पाव छातीशी धरून घरी गेलो.
आईने विचारलं, कोण जिंकलं.
मी म्हणालो, आम्ही.

अकरा वर्षांनी ती बाजारात दिसली,
अक्रोड निवडताना,
एकेक कानाशी नेऊन हलवत.
“पोरा,” म्हणाली, जणू काल भेटलो होतो,
“ई-एक मला दिसलं होतं.
पहिल्या चार मिनिटांतच.
पुढची चौदा मिनिटं मी त्यातली खोट शोधत होते.
सापडेना.
इतकं साधं, आणि त्याला दिसलं नसेल?
मग तुझी खुर्ची वाजली. तोंड पाहिलं तुझं.
म्हटलं, आली. मला न दिसलेली मात
त्याच्या पडद्यावर आली.”

अक्रोडवाला तराजू धरून थांबला होता.

“काय होतं रे पडद्यावर?”

मी सांगितलं.

तिने हातातला अक्रोड कानाशी नेला, हलवला.
“हा पोकळ आहे,” अक्रोडवाल्याला म्हणाली.
तो बदलायला गेला, तर म्हणाली,
“असू दे. वजनात धर.”