एकाहत्तर

नळी फिरायची थांबते.
पाच मिनिटं गरगरलेलं रक्त
आता दोन थरांत उभं:
खाली तांबडं, वर जेमतेम गव्हाळ पाणी.
मी पट्टीवर आकडा वाचतो, पुन्हा वाचतो,
मग वहीत लिहितो:
फोर्तुनाता चोकेवांका, वय त्रेपन्न,
एकाहत्तर.

समुद्राकाठच्या माझ्या गावात
पंचेचाळीस म्हणजे धडधाकट माणूस.
इथे, पाच हजार मीटरवर,
पत्र्याच्या या दवाखान्यात
हवासुद्धा मोजूनमापून मिळते
आणि शरीर धास्तावून
तांबड्या पेशी साठवत सुटतं,
टंचाईत कुणी पिठाची पोती साठवावी
आणि घरातच चालायला वाट उरू नये, तसं.

तिचे ओठ जांभळे, नखं जांभळी.
खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर
कंपनीने टाकून दिलेले दगड ती फोडते;
एखाद्यात निघतंही सोनं, तांदळाच्या कणीएवढं.
रात्री कानात घंटा वाजतात म्हणते,
"आणि झोपेत श्वास मला विसरून जातो."

"पण दोमितिला, माझी जाऊ?
एकच चूल, एकच डोंगर,
दोघींच्या ताटात तेच वाळवलेले बटाटे.
तिचं कसं चोपन्न?"

मी तक्ता पुढे ओढतो.
वजन. चुलीचा धूर. किती वर्षं वर.
शेवटच्या रकान्यापाशी
माझी मान आपोआप खाली जाते.
"पाळी?"
"गेली. चार वर्षं झाली."
दोमितिला एकोणचाळीसची आहे.

मग मी सांगतो, मला येतं तसं:
की दर महिन्याला थोडं वाहून जायचं,
की त्याच दिवसांचा कुठलासा रस
रात्रीचा श्वास खोल ठेवायचा,
की आता दोन्ही नाही.

ती बराच वेळ नळीकडे बघते.
"तीस वर्षं," ती म्हणते,
"बोगद्याच्या तोंडाशी फिरकू दिलं नाही मला.
बाईने सोनं पळतं म्हणे.
आणि तेच मला राखत होतं?"
हसते. हसताना धाप लागते.

मी सुई लावतो.
पिशवीत रक्त उतरतं, काकवीसारखं, सावकाश,
मध्येच अडतं, मी नळी चिमटून सोडतो.
रक्ताचं पाणी करणं म्हणतात ते इथे खोटं.
इथे जितकं राबावं
तितकं ते घट्ट होत जातं.

"खाली जायला हवं तुम्ही. कायमचं."
"काय आहे खाली?"
"हवा."
"नुसती हवा खाऊन किती दिवस काढायचे, पोरा?"

मला वर येऊन चौदा महिने झाले.
दर शनिवारी, दार लावून,
मी माझंही बोट टोचतो.
तो आकडा वहीत नाही.

ती शाल गुंडाळते, हातोडी उचलते.
दाराशी दोमितिला उभी, गारठलेली:
"किती?"
"एकाहत्तर."
ढिगाऱ्यावरून कुणीतरी मान वर काढून
ओरडून विचारतं:
"ग्रॅमला?"