बंदुकीचा पासपोर्ट

मला कुणी काही विचारलं नाही.
विचारणारी चौकीच आता उरलेली नाही;
तिथं एक बाई लोकरीचे हातमोजे विकते
आणि मागच्या काचेवर अजून चिकटून आहे
'इंजिन बंद करा' ही पाटी, दोन भाषांत.

पण बंदुकीला पासपोर्ट लागतो.
त्यात तिचा नंबर, नळीचं माप,
आणि मालकाच्या रकान्यात, गुनवाल्डिसच्या जागी,
मार्चपासून माझं नाव.
लाप्सालाही लागतो,
रेबीजच्या सुईच्या तारखा, सही, शिक्का.
आम्हा तिघींत बिनकागदाची मीच.

तो दर ऑक्टोबरात इकडं एस्टोनियात यायचा.
मी डबा भरून द्यायचे:
राईचा पाव, धुरावलेलं डुकराचं मांस, कांदा,
बाटली तो स्वतः ठेवायचा, मी पाहत नाही असं समजून.
परतला की मी म्हणायचे,
कोटाला परक्या देशाचा वास येतोय.
अगं, तीच झाडं, तोच चिखल, तो म्हणायचा.
खरंच तोच चिखल.
बूट काढताना तसाच सोडत नाही.

उर्मासनं मोडक्या रशियनमध्ये जागा दाखवली.
त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची.
दोघांना येते ती तिसऱ्याची,
छड्या खाऊन शिकलेली
आणि मग मोठ्या अभिमानानं विसरलेली.
"हा ओंडका. इथंच बसायचा तो.
डावीकडं दीडशे पावलांवर लाटविया.
तिकडं नळी फिरवायची नाही."

ओंडक्यावर काळे ठिपके होते,
सिगारेटी विझवल्याचे.
मोजले. सदतीस.
आणि मला सांगितलं होतं सोडली म्हणून.

मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडलेली असतानाच
मूस आला.
एवढं थोरलं जनावर, आणि पाचोळा वाजला नाही.
शिंगांवर शेवाळ लोंबत होतं,
कुणीतरी वाळत घालून विसरल्यासारखं.
मी श्वास अर्धा सोडला, त्यानं शिकवला होता तसा.
बार झाला.
तो गुडघ्यावर आला, उठला,
आणि वळला डावीकडं.

जंगलात एक मोकळी पट्टी आहे,
कापलेल्या गवताची, दहा-बारा पावलं रुंद.
या कडेला निळा-काळा-पांढरा खांब,
त्या कडेला तांबडा-पांढरा.
रक्त पट्टीच्या अलीकडं होतं,
पट्टीत होतं,
पलीकडं होतं.
उर्मासनं माझ्यासमोर हात आडवा धरला.
बंदूक इथंच.
पलीकडच्या मंडळाला फोन लावायचा,
त्यांचा माणूस येईल, त्याची बंदूक येईल.
फोन वाजत राहिला. रविवार होता.

मी काडतुसं काढली, खिशात टाकली,
बंदूक उर्मासच्या हाती दिली,
पासपोर्टासकट.
आणि लाप्साच्या मागून
माझ्या स्वतःच्या देशात गेले,
रिकाम्या हातांनी.

भूर्जांच्या मध्ये आडवा पडला होता.
पोट हलत होतं.
बंदूक असती तर एका क्षणाचं काम.
मी शेवाळावर बसले, त्याच्या नजरेबाहेर,
तेवढंच करता येण्यासारखं होतं.
कुत्रीही बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.
गुनवाल्डिसच्या वेळी निदान खुर्ची होती,
नर्स होती, अधूनमधून येऊन
नळी नीट करणारी.
इथं वीस मिनिटं लागली.
की चाळीस. घड्याळ डब्यात राहिलं होतं.

मग स्प्रूसची एक डहाळी मोडून
त्याच्या दातांत ठेवली, शेवटचा घास.
जबडा जड होता. अजून ऊन होता.

अंधारताना बॅटरी हलवत एक पोरगा आला,
कानात बाळी, खांद्यावर बंदूक,
तोंडावर अर्धवट झोप.
माझ्याच भाषेत त्यानं विचारलं,
मावशी, कुठल्या बाजूच्या तुम्ही?
मी उत्तर द्यायला लागले
आणि तोंडातून रशियन निघालं.
तो थांबला. मान हलवली.
आणि सावकाश, मोठ्यानं,
परक्या माणसाशी बोलतात तसं,
मांस कुणाकडं जाईल ते समजावू लागला.