सतरा चेंडू

लायल ओस्टरगार्ड, डावखुरा, नेब्रास्का.
रेकॉर्डच्या जाडजूड पुस्तकात एवढी एकच ओळ,
तीही पान उलटताना अंगठ्याखाली जाते.

ऑगस्ट अठ्ठावन्न. क्लीव्हलंड.
आठवी इनिंग, नऊ धावांनी मागे,
माणसं पार्किंगकडे निघालेली,
तेव्हा कुठे बुलपेनमधला फोन वाजला
आणि कोचने माझ्या बापाकडे बघून
नुसती मान हलवली.

पहिल्याला वॉक. दुसऱ्याला वॉक.
तिसऱ्याच्या बरगडीत चेंडू.
चौथ्याने
(कर्व्ह चांगला होता गं तो, गुडघ्याशी वळला,
हे बाबा मरेपर्यंत सांगत)
चौथ्याने तो कुंपणापलीकडे भिरकावला.
मॅनेजर रमतगमत आला, हात पुढे केला.
त्याच्या अंगठ्याला मस्टर्डचा पिवळा डाग होता.
बाबांना त्या अख्ख्या संध्याकाळचं
तेवढंच नीट आठवे.

मग एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर,
वजनकाट्याशी.
मक्याचा ट्रक भरून आला काय, रिकामा गेला काय,
आकड्यात कधी पौंडाची चूक नाही.

सातवीत मिस ह्लावाचेकनी सरासरी शिकवली.
मी बापाची काढायला घेतली:
धावा चार, बाद शून्य.
शून्याने भागत नाहीत, बाई म्हणाल्या,
आणि पुस्तकात त्या जागी आठाचा आकडा
कूस बदलून झोपलेला.
घरी येऊन दाखवला. याला अनंत म्हणतात, बाबा.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
'आठव्या इनिंगलाच आडवा झालो,
बरोबर लिहिलंय.'
आणि बटाटे सोलायला बसले.

दफनाच्या दिवशी आयोवाहून एक म्हातारा आला,
एकटाच गाडी हाकत. नाव टिबेट्स.
मला ओळख पटेना.
'मी चौथा,' म्हणाला.
त्याचंही मोठ्या लीगमधलं एकच वर्ष,
आणि कुंपणापलीकडे गेलेला तेवढा एकच चेंडू.

टोपी हातात फिरवत उभा राहिला बराच वेळ.
'कर्व्ह चांगला होता, पोरी.
मला दिसलाच नाही.
मी डोळे मिटून बॅट फिरवली होती.'

शवपेटीकडे पाहून मी म्हटलं, ऐकलंत?
टिबेट्सने बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलं,
हायवे कुठून लागेल विचारलं,
आणि अंधाराच्या आत निघाला.