कोनिस्टन, कारण अज्ञात

शेड्युलर चालू आहे, असं पडदा सांगतो.
बरं वाटतं. पाचनंतर या तळघरात
चालू असलेलं निदान कुणीतरी आहे.

बॅरोच्या वाचनालयातल्या प्रिंटरांना
माझ्या आधीच्या कुणीतरी तळ्यांची नावं दिलीत.
वॉस्टवॉटर रिकामा बसलाय.
एनरडेल रिकामा बसलाय.
रिकामं बसण्याबद्दल इथे कुणी बोलून दाखवत नाही,
फक्त नोंद होते.
कोनिस्टन बंद. मंगळवार, चौदा ऑक्टोबरपासून.
कारण अज्ञात.

तेवीस दिवस.
वर मुलांच्या खोलीत तो आहे, मी इथे खाली,
मध्ये एक जिना आणि काळी खिडकी,
जिच्यावर खाडीचा वारा मीठ आणून थापतो.

एलपीस्टॅट, मग आडवी रेघ, मग ओ.
हाक मारल्यावर ओ द्यावी
तशी रांग उभी राहते:
क्रमांक, कुणाचं, किती बाइट, कधीपासून.
आत काय लिहिलंय ते कळत नाही,
नुसतं वजन कळतं, पोस्टातल्या तराजूला कळतं तेवढंच.

नऊ जणांचं अडकलंय.
सगळ्यांच्या पुढे सहाशे अकरा,
एकवीस हजार पाचशे चार बाइट,
डोरीन पॉसलथ्वेट.

तिचा तो शेवटचा दिवस होता. लिंबाचा केक होता.
कार्डावर माझं आडनाव मावेना
तेव्हा मी कोपऱ्यात नुसतं ‘तळघर’ लिहिलं,
आणि ती हसून म्हणाली, चला, तळघराला अक्षर आहे तर.

ग्लिनिसचा निरोप दुपारीच आलाय:
कोनिस्टनची रांग साफ कर, सगळी,
लोकांनी केव्हाच दुसरीकडे छापून घेतलं असेल.
खरंच आहे तिचं.

कॅन्सल. आडवी रेघ. ए.
ए म्हणजे सगळं, या यंत्राच्या भाषेत.
आमच्या भाषेत ए म्हणजे हाक,
जवळच्या माणसालाच मारायची.
एंटरवर बोट ठेवून मी
किती वेळ बसले कोण जाणे,
मग एकेक अक्षर मागे घेतलं
आणि जिना चढून गेले.

मागचं झाकण अर्धवट उघडं.
आत रोलरला गुंडाळून बसलेला
एक पिवळा डायनासोर, स्टिकरवरचा,
शेपूट फाटलेली.
हे अज्ञात कारण.

खाली येऊन बाकीची आठ क्रमांकाने काढली,
एकेक करून, उगाचच.
मग कोनिस्टनला चालू हो म्हटलं.
छतातून आधी खोकला ऐकू आला,
मग घशातलं काहीतरी सरकल्यासारखं,
मग एक कागद.

टोनर संपत आलाय, अक्षरं फिकी:
मंगळवारची गोष्ट. सकाळी साडेदहा.
खाली एक अस्वल, पुस्तक उलटं धरलेलं.
त्याच्याखाली, आजपासून वाचणार,
आणि पुढे टिंबंच टिंबं, कागदाच्या कडेपर्यंत.

पुन्हा विचारलं, एलपीस्टॅट, रेघ, ओ.
रांग संपली की हा काही बोलत नाही.
झालं म्हणत नाही, शाबास म्हणत नाही,
नवी ओळ देतो आणि कर्सर लुकलुकत ठेवतो.

आज गुरुवार. मंगळवारला पाच दिवस.
मी टिंबं मोजली नाहीत,
पण ‘तळघर’ त्यात सहज मावेल.